सातपुड्यातल्या शिबिराला पहिल्यांदा निघताना

मी पुण्यात स्टाफ नर्स आहे. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वैद्यकीय पथकाबरोबर दरवर्षी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या पाड्यांवर जाते. रविवारी उपासना संपली की नर्सिंगच्या मुली, इंटर्न, फार्मसीची मुलं गाठतात. "ताई, आम्हीही येऊ का? काय तयारी करायची?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिल्या खेपेला आम्ही तीन दिवसांत शेकडो माणसं तपासली. त्यात पावरा या आदिवासी समाजातली एक आई होती, कडेवर सव्वा वर्षाचा मुलगा. त्याच्या दंडाचा घेर मोजला, 11.2 सेंटिमीटर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात हा घेर 11.5 च्या खाली गेला की ते तीव्र कुपोषण. मी पोषण पुनर्वसन केंद्राची चिठ्ठी लिहून दिली, 'नक्की जा' म्हणाले आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं. दुसऱ्या वर्षी त्याच पाड्यावर चौकशी केली. आई केंद्रात गेलीच नव्हती. तिथे दोन आठवडे राहायचं तर घरची दोन पोरं कुणाच्या भरवशावर टाकायची? पुढे दिवाळी झाली आणि अख्खं कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलं. मुलाचं काय झालं, ते कुणालाच नीट सांगता येईना. आमच्या वहीत मात्र त्याच्या नावापुढे 'पुढे पाठवले' असं लिहिलेलं होतं आणि ते काम झालं म्हणून आम्ही धरलं होतं. ती ओळ माझ्याच अक्षरात आहे.

म्हणून सगळ्यात आधी पथकप्रमुखांना एकच गोष्ट विचारा. आपण परत आल्यावर या रुग्णांकडे कोण बघणार? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवलं आहे का, गावची आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची आशा स्वयंसेविका, सोबत असेल का, जवळचं कोणतं मिशन रुग्णालय रुग्ण घेईल? नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला असं ख्रिस्ती रुग्णालय आहे. तिथली माणसं बारा महिने तिथेच असतात. आपण त्यांच्या हाताखाली चार दिवस राबायला जायचं. या प्रश्नांना धड उत्तर मिळालं नाही, तर त्या पथकाबरोबर जाऊ नका असंच मी सांगेन.

आपल्या महाराष्ट्रात याचा मोठा धडा जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं ख्रिस्ती दांपत्य. 1970 मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र पुरस्कारापेक्षा त्या बायका मोठ्या वाटतात, कारण ताप आलेल्या पोराच्या घरी रात्री जाणारं माणूस त्याच गावात होतं.

केव्हा जायचं, हेही पुण्याच्या सुट्ट्या बघून ठरवू नका. जानेवारीत गेलात तर अर्ध्या घरांना कुलपं, माणसं ऊसतोडीवर. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराची जत्रा आणि मग होळी, त्या दिवसांत कुणी रांगेत उभं राहणार नाही, आणि का राहावं? पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आत गेलेलं बरं.

भाषा पावरी नाहीतर भिली. आपल्या मराठीला समोरचा माणूस भिडेपोटी नुसता 'हो' म्हणतो. तेव्हा 'कळलं का?' असं विचारू नका. 'गोळी कशी घ्याल, दाखवा' म्हणा. औषधाच्या पाकिटावर उगवता सूर्य आणि चंद्र काढा. तारीख सांगू नका, आठवडी बाजारावर सांगा. 'दुसऱ्या बाजारापर्यंत गोळ्या पुरतील' हे लगेच उमगतं. रक्तदाबाची गोळी सुरू करण्याआधी ती पुढच्या महिन्यात कुठून मिळणार ते बघा. नाहीतर महिनाभराने गोळ्या संपतात आणि रक्तदाब होता तिथे परत येतो. इंटर्नने स्वतःच्या जबाबदारीवर औषध लिहून द्यायचं नाही, मग रांग कितीही लांब असो.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल जरा वाचून या. भिल्ल, पावरा, मावची समाजांत तो बराच आढळतो. हिमोग्लोबिन कमी दिसलं की आपला हात सवयीने लोहाच्या गोळ्यांकडे जातो, पण सिकलसेल असेल तर त्याने मूळ दुखणं हटत नाही. आधी रक्ततपासणी. अंग ठणकत असलेल्या मुलीला विचारा, थंडीत किंवा पाणी कमी प्यायल्यावर जास्त दुखतं का? आई-बाप दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही या आजाराचं एकेक जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणी मुलाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. हे सांगताना आवाज खाली ठेवा. चारचौघांत निकाल वाचला गेला, तर त्या मुलीचं लग्न जमणं अवघड होतं.

आता प्रार्थनेविषयी. आम्ही पहाटे आपल्याआपल्यात प्रार्थना करतो, मनापासून करतो, तिच्याशिवाय मला हे काम झेपलं नसतं. पण औषधाच्या टेबलावर ना पत्रकं, ना 'प्रार्थनेला याल का?' हातात गोळी घ्यायला आलेला माणूस 'नाही' कसा म्हणेल? त्याच्या अडचणीचा असा फायदा घेणं मला प्रभूच्या शिकवणीत कुठेच सापडत नाही. कुणी आधी भगताकडे जाऊन आला असेल तर त्याला बोलू नका. काय दिलं तेवढं शांतपणे विचारा.

अंथरूण, विजेरी, बूट आणि स्वतःची औषधं बरोबर घ्या. रात्री विजेरीशिवाय बाहेर पडायचं नाही, साप असतात.

पहिल्यांदा येणाऱ्याला मी स्टेथोस्कोप घेऊन नाही, नोंदवही घेऊन बसवते. आता त्या वहीत एक रकाना वाढवला आहे, 'पुढे कोण बघणार'. त्यात आशाताईचं नाव आणि पुढचा बाजार लिहायचा. पुण्याला परतल्यावर त्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आशाताईंना फोन करायचा, तोही त्याच मुलाने किंवा मुलीने.