जाम झालेला ऑक्सिजन सेन्सर काढताना या चुका टाळा

जुन्या गाडीच्या एक्झॉस्टमध्ये रुतून बसलेला ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) काढायला घेण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: सेन्सर वाचला नाही तरी चालेल, बैठकीचे, म्हणजे तो ज्या भोकात पिळून बसवलेला असतो त्याचे, आटे वाचले पाहिजेत. सेन्सर बहुतेक वेळा टाकूनच द्यायचा असतो. बैठक मात्र मॅनिफोल्डचा (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणाऱ्या भागाचा) किंवा पाइपचाच भाग असते आणि तिचे आटे गेले, की तासाभराचे काम वेल्डिंगपर्यंत जाऊन पोहोचते. या कामातल्या बहुतेक चुका हे लक्षात न घेता जोर लावल्यामुळेच होतात.

पहिली चूक मात्र पाना हातात घेण्याआधीच झालेली असते. इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर सेन्सरशी संबंधित कोड दिसला, की सेन्सर बदलायचे ठरून जाते. पी०१३५ हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या) आधीच्या सेन्सरच्या हीटर सर्किटमधला, म्हणजे सेन्सर तापवणाऱ्या जोडणीतला दोष दाखवतो, पण तो दोष उडालेल्या फ्यूजमध्ये, तुटलेल्या वायरमध्ये किंवा गंजलेल्या कनेक्टरमध्येही असू शकतो. पी०४२० तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेविषयी बोलतो. सेन्सरच्या आधी कुठे बारीक गळती असेल, तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि अगदी चांगला सेन्सरही मिश्रणात इंधन कमी असल्याचे सांगू लागतो. फ्यूज तपासणे, मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजून तो गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहणे आणि गळतीचा आवाज ऐकणे एवढे झाल्याशिवाय जाम सेन्सरला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक म्हणजे कोरड्या आट्यांवर थेट जोर लावणे. सेन्सरचे कवच पोलादी असते आणि बैठक बिडाची किंवा पोलादाची. वर्षानुवर्षे तापणे, निवणे आणि रस्त्यावरचे पाणी झेलणे यामुळे दोन्हींच्या मध्ये गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने आट्यांमधली बारीक फट तो गच्च भरून टाकतो. म्हणून गंज सोडवणारे पेनिट्रेटिंग तेल आदल्या रात्रीच, एक्झॉस्ट पूर्ण थंड असताना, सेन्सर जिथे बैठकीला टेकतो त्या रेषेवर सोडावे आणि मुरू द्यावे. घाईने गरम पाइपवर तेल फवारणे धोक्याचे आहे, कारण ते पेट घेऊ शकते. दुसऱ्या दिवशी वरचे तेल पुसून इंजिन काही मिनिटे मोकळ्या हवेत चालवावे, बंद करावे आणि धातू गरम असतानाच, जाड हातमोजे घालून, पहिला प्रयत्न करावा. गाडी उचललेली असेल तर ती नुसत्या जॅकवर नव्हे, स्टँडवर टेकवलेली असावी.

तेवढ्याने भागले नाही तर गॅस टॉर्च. इथे ज्योत सेन्सरच्या षटकोनावर धरण्याची चूक सर्रास होते. तापून प्रसरण पावायला हवी ती बैठक; सेन्सर तापवला तर तो उलट अधिक घट्ट होतो. ज्योत बैठकीभोवती फिरवत ठेवावी, इंधनाची नळी, वायरी आणि रबरी भाग आधी नीट पाहून घ्यावेत आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. टॉर्च वापरायची असेल तर त्या भागावर क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मुळीच मारू नये. तो तापल्यावर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो.

हत्यारांच्या बाबतीत उघड्या तोंडाचा पाना हा सर्वांत वाईट पर्याय. बहुतेक सेन्सरचा षटकोन २२ मिमीचा असतो आणि असा पाना दोनच बाजू धरत असल्याने कोपरे घासून गोल होतात. वायरीसाठी खाच असलेला खास सॉकेट त्याहून बरा, पण अति जोर आला की तोही खाचेपाशी फाकतो. सेन्सर टाकूनच द्यायचा असेल तर कनेक्टर सोडवून वायरी कापाव्यात आणि सहा बाजूंचा अखंड लांब सॉकेट किंवा रिंग पाना चढवावा. मात्र नवा सेन्सर हातात येऊन त्याचा कनेक्टर जुळतो आहे हे पाहिल्याशिवाय वायर कापू नये, कारण काही नव्या सेन्सरना जुनाच कनेक्टर जोडावा लागतो.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. लांब दांड्याच्या जोराने सेन्सर एकदाचा टक् करून सुटतो, अर्धा फेरा सहज फिरतो आणि मग पुन्हा घट्ट होत किर्र असा सुका आवाज करू लागतो. आता सुटलाच आहे, असे समजून इथेच जोर वाढवला जातो. खरे तर त्या आवाजाचा अर्थ असा, की सुटलेला गंज आणि धातूचे कण आट्यांत अडकले आहेत आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना ओरबाडत आहेत. जोर चालू ठेवला तर ते अक्षरशः एकजीव होतात आणि सेन्सर बैठकीचे आटे सोबत घेऊनच बाहेर येतो. आवाज येताच थांबावे, सेन्सर थोडा उलटा म्हणजे घट्ट होण्याच्या दिशेने फिरवावा, धातू निवू देऊन तेल सोडावे आणि मग पाव फेरा बाहेर, थोडा आत, पुन्हा थोडा अधिक बाहेर अशा चालीने काम करावे. यात कितीही वेळ गेला तरी तो वाया जात नाही. इम्पॅक्ट गन या टप्प्यावर तर अजिबात चालवू नये. तिच्या हादऱ्यांनी आतला सिरॅमिकचा भाग फुटून तुकडे कन्व्हर्टरकडे जाण्याची भीती असते, ती वेगळीच.

सेन्सर निघाल्यावर आटे साफ करायला नवे आटे कापणारा टॅप वापरू नये, असलेले आटे फक्त साफ करणारा चेझर वापरावा. आटे सहसा एम१८ × १.५ मापाचे (१८ मिमी व्यास, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर) असतात. चेझरच्या खाचांत ग्रीस भरावे, म्हणजे कचरा पाइपमध्ये न पडता ग्रीसला चिकटतो. आटे गेलेच असतील तर इन्सर्ट (आत बसवायचे नवे आटे) किंवा नवी बैठक वेल्ड करणे हेच उपाय उरतात.

नवा सेन्सर बसवताना अनेकदा आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) आधीच लावलेले असते; नसेल तर पातळ थर फक्त आट्यांवर द्यावा, सेन्सरच्या टोकाला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. सिलिकॉनचे स्प्रे आणि सीलंट दूर ठेवावेत, कारण सिलिकॉनमुळे सेन्सर निकामी होतो. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतून घेतात, त्यामुळे तिथे सोल्डर करणे किंवा कनेक्टरमध्ये ग्रीस भरणे टाळावे. सेन्सर आधी हाताने फिरवून बसवावा, कनेक्टर शेवटी जोडावा, म्हणजे वायरींना पीळ पडत नाही. घट्ट करण्याचा टॉर्क (पिळण्याचा जोर) साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर असतो, पण पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. त्यानंतर इंजिन थंड असतानाच सुरू करून बैठकीपाशी फुसफुस ऐकू येते का ते पाहावे. ती येत असेल तर कोड पुसण्याआधी गळती बंद करावी.