एक्सप्रेस शिकायला घेताना: केळीच्या कटाईची नोंदवही

जळगाव-भुसावळकडची मुलं विचारतात, "दादा, रिअ‍ॅक्टपासून सुरू करू की नोडपासून? मोठा कोर्स लावू का?" मी सांगतो, आधी एक्सप्रेस घ्या. रिअ‍ॅक्ट ब्राउझरमधलं पान बनवायला, नोड जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवायला, आणि एक्सप्रेस म्हणजे नोडवर सर्व्हर लिहायचं फ्रेमवर्क. ब्राउझरमधून निघालेली एक रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत जाऊन परत कशी येते, हे पुरतं उमगेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावू नका. मुलाखतीत मला सगळ्यात जास्त कामी आलं ते हेच.

रायन डाल यांनी २००९ मध्ये नोड आणलं आणि जावास्क्रिप्टला सर्व्हरवर पक्की जागा मिळाली. पुढच्याच वर्षी टीजे होलोवेचुक यांचं एक्सप्रेस आलं. लायसन्स एमआयटीचं आहे, म्हणजे फुकट वापरा, सोर्स कोड उघडून वाचा. खरंच वाचा, तो फार मोठा नाही.

मांडणी सोपी आहे. नोडची एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) आवृत्ती, एक रिकामा फोल्डर, आणि एनपीएम या नोडच्या पॅकेज आणणाऱ्या साधनाचे दोन आदेश: 'एनपीएम इनिट', मग 'एनपीएम इन्स्टॉल एक्सप्रेस'. गावाकडं नेट रेंगाळतं, पण पॅकेज एकदा उतरलं की लोकलहोस्टला, म्हणजे तुमच्याच मशीनवरच्या सर्व्हरला, नेट लागत नाही. जुन्या व्हिडिओंपासून मात्र सावध राहा. त्यात बॉडी-पार्सर, म्हणजे रिक्वेस्टसोबत आलेला मजकूर वाचणारं पॅकेज, वेगळं टाकायला सांगतात. आता ती सोय एक्सप्रेसमध्येच आहे. २०२४ मध्ये पाचवी आवृत्ती आली, तिच्यात नुसता तारा (*) देऊन लिहिलेला रूट (कुठल्या पत्त्याला काय उत्तर द्यायचं ते सांगणारा कोड) चालत नाही, त्या ताऱ्याला नाव द्यावं लागतं. व्हिडिओतला कोड जसाच्या तसा उतरवूनही एरर आली, तर आधी आवृत्ती तपासा.

आता खरा गाभा, मिडलवेअर. रिक्वेस्ट आली की तुम्ही लिहिलेली फंक्शन्स वरून खाली, लिहिलेल्या क्रमानं चालतात. प्रत्येकानं एकतर उत्तर पाठवायचं, नाहीतर 'नेक्स्ट' म्हणून पुढच्याकडं सोपवायचं. दोन्ही केलं नाही तर ब्राउझर नुसता फिरत राहतो. जेसन (माहिती पाठवायचा एक साचा) वाचणारं मिडलवेअर रूटच्या खाली लिहिलं तर रूटमध्ये 'बॉडी', म्हणजे रिक्वेस्टमधला मजकूर, अनडिफाइन्ड मिळते. एरर सांभाळणारं फंक्शन सगळ्यात शेवटी येतं आणि ते चार पॅरामीटर घेतं. तीनच दिले तर एक्सप्रेस त्याला साधं मिडलवेअर समजतं. क्रम मुद्दाम उलटसुलट करून काय होतं ते पाहा. एक संध्याकाळ या खेळाला द्या, पुढचं फार सोपं जातं.

इंग्रजी एररला घाबरू नका. 'कॅनॉट गेट' दिसलं तर सर्व्हर चालू आहे, रिक्वेस्ट पोचली आहे, फक्त त्या पत्त्याचा रूट नाही. पोर्ट (सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो तो) आधीच वापरात आहे अशी एरर आली, तर बहुतेक दुसऱ्या टर्मिनलमध्ये तुमचाच जुना सर्व्हर चालू आहे.

सरावाला टू-डू लिस्ट करू नका, ती सगळेच दाखवतात. रावेर-यावलकडं केळीची कटाई होते, तिची नोंदवही करा. शेतकऱ्याचं नाव, गाव, लागवडीचा हंगाम मृगबाग की कांदेबाग, तारीख, वजन, क्विंटलचा भाव. नोंदी दाखवायचा एक रूट, नवी नोंद घ्यायचा दुसरा. वजन उणे आलं तर उत्तरात ४०० हा स्टेटस कोड (रिक्वेस्ट चुकीची), नोंद झाली तर २०१ (नवी नोंद तयार). सुरुवातीला नोंदी साध्या ॲरेमध्ये, म्हणजे मेमरीतल्या यादीत ठेवा. सर्व्हर बंद करून चालू केला की सगळं पुसलं जाईल, आणि डेटाबेस कशाला हवा ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

डेटाबेस म्हणून मी एसक्यूलाइट सुचवतो. हिशेब मुळात रकान्यांचाच असतो, आणि अख्खा डेटाबेस एका फाइलीत मावतो. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आदेशात, वापरकर्त्यानं टाइप केलेला मजकूर कधीही थेट जोडू नका, त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मजकूर वेगळा द्या. रक्कम रुपयांऐवजी पैशांमध्ये, पूर्णांकात साठवा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि शेतकऱ्याच्या हिशेबात फरक पडलेला मला तरी चालणार नाही.

एवढं झालं की घरच्या किंवा शेजारच्या केळीवाल्याच्या हाती द्या. बागेत रेंज कमी असते. बटण दाबून उत्तर येत नाही म्हणून माणूस पुन्हा दाबतो आणि एकाच कटाईच्या दोन नोंदी पडतात. पहिल्यांदा सुचतं ते बटण बंद करणं. ते करा, पण तेवढ्यानं भागत नाही, कारण पान रिफ्रेश करून तीच नोंद पुन्हा येऊ शकते. वजनकाट्याच्या पावतीचा नंबर नोंदीत घ्या. काटे अनेक असतील तर काट्याचं नाव आणि नंबर ही जोडी डेटाबेसमध्ये युनिक (दुसऱ्यांदा न चालणारी) करा आणि तीच पावती परत आली तर ४०९ (आधीच्या नोंदीशी टक्कर) पाठवा. मुलाखतीत प्रोजेक्ट दाखवाल तेव्हा दिसण्यापेक्षा याबद्दल बोला.