दर १० अंशांना निम्मा वेळ? घड्याळ लावून पाहा

तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक अभिक्रियेला निम्मा वेळ लागतो, असे म्हणतात; ते तपासण्याचा हा प्रयोग. पुस्तकात ‘खोलीचे तापमान’ म्हणजे २५ अंश. नागपुरात मे महिन्यात कूलर नसलेल्या खोलीतली बाटली दुपारी चाळिशीला टेकते. म्हणून या प्रयोगात खोलीचे नाही, द्रावणाचे तापमान मोजा.

सोडिअम थायोसल्फेटचे (फोटोवाल्यांचा हायपो) ७.५ ग्रॅम खडे ३०० मिली शुद्ध पाण्यात विरघळवा. १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ६० मिली तयार घ्या. दोन्ही एकत्र आले की गंधकाचे बारीक कण सुटतात आणि द्रावण गढूळ होते.

कागदावर ठळक फुली काढा. शंकुपात्रात ५० मिली थायोसल्फेट आणि परीक्षानळीत १० मिली आम्ल घेऊन दोन्ही एकाच पाण्याच्या भांड्यात ठेवा. दोन्हीकडे २० अंश आले की (उन्हाळ्यात बर्फ लागेलच) शंकुपात्र फुलीवर ठेवा, आम्ल ओता, एकदा हलवा, घड्याळ सुरू करा. वरून पाहताना फुली दिसेनाशी झाली की थांबवा. हेच ३०, ४० आणि ५० अंशांना, दर वेळी ताजे द्रावण घेऊन करा.

बहुतेकांचे चुकते ते आम्लापाशी. ५० अंशांच्या ५० मिली द्रावणात २५ अंशांचे १० मिली आम्ल ओतले, तर मिश्रण ४६ अंशांच्या आसपास येते आणि वेळ उगाच वाढते. मे महिन्यात उलटे: २० अंशांच्या द्रावणात ४० अंशांचे आम्ल पडले की मिश्रण २३ च्या पुढे जाते. दुसरी चूक काचेची. आधीच्या फेरीतला गंधकाचा थर राहिला तर फुली लवकर झाकते. पात्र लगेच ब्रशने घासा.

३० ते ४० अंशांत रेणूंचा सरासरी वेग जेमतेम १.६ टक्के वाढतो, मग वेळ निम्म्याच्या जवळपास का येते? कारण अभिक्रियेला लागणारी किमान ऊर्जा (सक्रियण ऊर्जा) ज्यांच्याकडे आहे, अशा रेणूंचे प्रमाण झपाट्याने वाढते. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अर्‍हेनिअसने १८८९ मध्ये मांडलेले समीकरण हेच सांगते. ‘दर १० अंशांना दुप्पट’ हा मात्र नियम नाही, ठोकताळा आहे. ५० किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास सक्रियण ऊर्जा असेल तरच तो जमतो.

तपासायचे तर प्रत्येक वेळेचा व्यस्त काढा, त्याचा लॉग घ्या आणि केल्विन तापमानाच्या व्यस्तासमोर आलेख मांडा. बिंदू सरळ रेषेत यायला हवेत. ५० अंशांचा बिंदू हटकून भरकटतो, कारण वेळ थोडी असली की घड्याळ दाबण्यातला एक सेकंदही जड जातो. त्या तापमानाला तीन फेऱ्या करून सरासरी घ्या.

सल्फर डायऑक्साइड सुटतो: खिडक्या उघड्या, डोळ्यांवर चष्मा, दमेकरी दूर. ५० च्या वर जाऊ नका. उरलेले मिश्रण धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ओता, फेस थांबला की मोरीत.