समुद्रशैवालाचे छायाचित्रण : तिथी, पाणी आणि मागचा प्रकाश

ओहोटीनंतर कातळावर पसरलेल्या समुद्रशैवालात कलात्मक छायाचित्राचा विषय दडलेला असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. कारण पाण्याचा आधार सुटताच त्याच्या फांद्या एकमेकींना चिकटतात, आकार मोडतो आणि उरतो तो चिकट, काळपट गोळा. तेच शैवाल पाण्यात तरंगत असताना आणि त्याच्या मागून प्रकाश येत असताना पाहिले, तर काळपट वाटलेला पुंजका सोनेरी किंवा माणकासारखा लाल दिसू लागतो. म्हणून या विषयात कॅमेऱ्यापेक्षा पाणी आणि प्रकाशाची दिशा यांचा विचार आधी करावा.

कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळा संपल्यानंतर, साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात खडपांवर शैवाल चांगले वाढलेले असते. मालवण, कुणकेश्वर, हरिहरेश्वर, गोव्यातले हणजूण असे खडकाळ किनारे यासाठी योग्य होत. जाण्याचा दिवस मात्र सुट्टी पाहून नव्हे, तर तिथी पाहून ठरवावा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब येथे कामी येतो. पौर्णिमेला किंवा अमावास्येला (पंधरावी तिथी) भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे सकाळची ओहोटी पाचच्या आसपास, आणि हिवाळ्यात तेव्हा उजाडलेलेही नसते. द्वितीयेला भरती दीडला येते, त्यामुळे पूर्ण ओहोटी साडेसातच्या आसपास आणि तृतीयेला आठच्या पुढे मिळते; उधाणाचा जोर या दिवसांतही टिकून असल्याने पाणी लांबवर हटते आणि ऊनही कोवळे असते. किनाऱ्यावर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे आणि पाणी चढू लागताच परतावे. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे तक्ते पाहणे अर्थातच अधिक सुरक्षित. गुळगुळीत तळाच्या चपला टाळाव्यात. शेवाळलेल्या कातळावर पाय घसरला की हात कालवांच्या धारदार कडांवरच पडतो.

कातळातल्या डबक्यांत छायाचित्र घेताना मुख्य अडचण पाण्यावर पडणाऱ्या आकाशाच्या प्रतिबिंबाची असते. पोलरायझर फिल्टर ते काढतो, पण सर्व कोनांतून नव्हे : पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिले तरच त्याचा पूर्ण परिणाम मिळतो, आणि सरळ वरून खाली पाहताना तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. वरूनच चित्र हवे असेल, तर सोबत्याला काळी छत्री धरायला सांगावे. फिल्टरवर खर्च करण्यापूर्वी हा उपाय करून पाहावा, असे माझे मत आहे. लाटेबरोबर डुलणारे सरगॅसम नावाचे तपकिरी शैवाल टिपायचे असेल, तर तिपाई घट्ट रोवून पाव ते एक सेकंदाचा शटरवेग ठेवावा. देठ स्थिर आणि पाने धूसर, असे चित्र त्यातून मिळते.

खरी बारकाई मात्र घरी, टेबलावर साधते. त्यासाठी किनाऱ्यावर वाहून आलेले सुटे तुकडेच घ्यावेत. कातळावरचे जिवंत शैवाल उपटू नये, आणि मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीतून तर काहीच उचलू नये. तुकड्यांबरोबर बाटलीभर समुद्राचे पाणीही आणावे आणि ते कापडातून गाळून घ्यावे. नळाचे पाणी वापरू नये : लाल शैवालातले एक रंगद्रव्य पाण्यात विरघळणारे असल्यामुळे गोड्या पाण्यात पेशी फुटल्या की रंग झिरपून बाहेर येतो. सपाट तळाच्या काचेच्या भांड्यात दोन बोटे पाणी घ्यावे. (बेकिंगच्या भांड्यांच्या तळाशी कंपनीचे नाव कोरलेले असते आणि ते चित्रात हमखास उमटते, तेवढे पाहून घ्यावे.) भांडे एलईडीच्या ट्रेसिंग पॅडपासून (खालून उजेड देणाऱ्या सपाट पाटीपासून) चार-पाच सेंटिमीटर उंच राहील असे दोन ठोकळ्यांवर ठेवावे, म्हणजे पॅडवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. पॅडचा उजेड पूर्ण ठेवावा. तो कमी केला की अनेक स्वस्त पॅड लुकलुकतात आणि चित्रात आडवे पट्टे येतात. खोलीतले इतर दिवे बंद करावेत.

आता शैवाल पाण्यात सोडावे आणि मऊ कुंचल्याने एकेक फांदी मोकळी करावी. या कामाला घाई चालत नाही. फांद्यांच्या बेचक्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे चित्रात काळ्या कडांचे गोल दिसतात, म्हणून तेही कुंचल्याच्या टोकाने काढावेत आणि पाणी स्थिर झाल्यावरच शटर दाबावे. कॅमेरा भांड्याला समांतर, वरून खाली रोखलेला असावा. भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ते एफ/११ ठेवावे. पांढरी पार्श्वभूमी पाहून कॅमेरा चित्र करडे करतो, म्हणून एक ते दोन स्टॉप, म्हणजे दुप्पट ते चौपट, जास्त प्रकाश द्यावा. मोबाइलवर शैवालावर बोट दाबून फोकस पक्का करावा आणि उजेड वर सरकवावा.

सर्वच शैवालांना ही मांडणी मानवत नाही. उल्व्हाचे हिरवे पान अवघ्या दोन पेशींच्या जाडीचे असल्यामुळे मागच्या प्रकाशात त्याची प्रत्येक चुणी दिसते, आणि सरगॅसमच्या हवेच्या गोल पिशव्या कंदिलासारख्या उजळतात. पंख्याच्या आकाराच्या पॅडिनावर मात्र चुन्याचा थर असतो. त्याच्या मागून प्रकाश टाकला तर नुसती काळी छाया मिळते. त्याला काळ्या कापडावर ठेवलेल्या भांड्यात ठेवून एका बाजूने तिरका प्रकाश द्यावा, म्हणजे त्यावरची अर्धवर्तुळाकार वलये उठून दिसतात.

कॅमेऱ्याशिवायही हा विषय हाताळता येतो आणि त्याची परंपरा छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये सायनोटाइपची, म्हणजे उन्हात निळी चित्रे उमटवण्याची, रीत शोधल्यानंतर पुढच्याच वर्षी वनस्पतिअभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी ब्रिटनमधील शैवाले थेट रसायन लावलेल्या कागदावर ठेवून, उन्हात धरून, निळ्या जमिनीवर त्यांच्या पांढऱ्या आकृत्या उमटवण्यास सुरुवात केली. त्या आकृत्यांत फांद्यांमधली मोकळी जागा किती जपली आहे, हे मांडणी करण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.

संगणकावर रंग भडक करण्याचा मोह आवरावा. चित्र रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) घेतलेले असावे, पॅडवर ठेवलेल्या कोऱ्या भांड्याचे एक चित्र वेगळे काढून त्यावरून पांढऱ्याचा समतोल ठरवावा आणि छपाईसाठी चकचकीत कागदाऐवजी मॅट कागद निवडावा, कारण पाने इतकी पातळ असतात की चकाकीत त्यांच्या फिकट छटा दिसेनाशा होतात.