एक दिवस भारी, दुसऱ्या दिवशी ढेपाळलेली: कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये सातत्य कसं आणायचं

गुरुवारी झोनमधल्या सगळ्यात तगड्या टीमला हरवायचं आणि शनिवारी ज्या कॉलेजकडे धड कोर्टपण नाही त्यांच्याकडून मार खायचा, कॉलेजच्या टीमला शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे बघितलंय. आणि मग स्टाफरूमपासून कट्ट्यापर्यंत सगळीकडे एकच वाक्य, पोरं सिरियस नाहीयेत. असतीलही नसतील, पण हे बोलून कोचच्या हातात काहीच येत नाही. टीम वरखाली होते तेव्हा त्यात थोडा भाग नशिबाचा असतो, थोडा पोरांचा आणि बराचसा कोचचा, आणि हे तीन वेगळे काढून दाखवणं हे कोचचं पहिलं काम आहे. मोटिव्हेशन वगैरे त्याच्या नंतर.

आधी नशिबाचं बघू, कारण त्याच्यावरूनच सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो. समजा तुमचा शूटर थ्री पॉइंटर तीनात एक टाकतो, आणि मॅचला ६ थ्री मारतो. साधं गणित मांडलं तर १०० पैकी साधारण ९ मॅचमध्ये त्याचे सहाच्या सहा चुकणार आणि साधारण १० मॅचमध्ये चार किंवा जास्त पडणार. पोरगा तोच, मेहनत तीच, हाताची रिलीजपण तीच, आणि स्कोअरशीटवर १२ पॉइंटचा फरक. आता ज्या दिवशी शून्य पडले त्या दिवशी तुम्ही त्याला मन लावून खेळत नाहीस म्हणालात आणि ज्या दिवशी चार पडले त्या दिवशी पाठ थोपटलीत, तर त्याला काय कळणार? की सर बॉल रिंगमध्ये जातो की नाही एवढंच बघतात. मग तो शॉट मारायला घाबरतो किंवा नाद सोडून वाट्टेल तिथून मारत सुटतो, आणि टीम अजून वरखाली होते.

म्हणून शूटिंगची टक्केवारी ५-६ मॅचची एकत्र बघा, एका मॅचची नको. रोजच्या रोज मोजायच्या त्या गोष्टी वेगळ्या, ज्या पोराच्या हातात आहेत: टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल घालवणं), बॉक्स आऊट (रिबाउंडसाठी समोरच्याला अंगाने मागे अडवणं) केलं की नाही, शॉट चुकल्यावर पळत मागे आला की चालत, सोबतचा डिफेंडर चुकला की मदतीला (हेल्प डिफेन्सला) सरकला का, बॉलला किती वेळा हात लावला. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, एक वही आणि बेंचवरचा एक हुशार पोरगा पुरतो. ज्याचा पाय मुरगळलाय किंवा जो टीममधला बारावा खेळाडू आहे त्याला हे काम द्या, आणि खरं महत्त्वाचं काम म्हणून द्या, कारण दोन मॅचनंतर गेम त्याच्याइतका कोणाला दिसत नाही.

पोझेशन मोजायलाही शिका, म्हणजे बॉल आपल्याकडे आल्यापासून समोरच्या टीमकडे जाईपर्यंतची एक पाळी. फील्ड गोलचे जेवढे प्रयत्न झाले त्यातून आपले ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत पकडणं) वजा करा, टर्नओव्हर मिळवा, आणि फ्री थ्रोच्या प्रयत्नांना ०.४४ ने गुणून तेही मिळवा. उदाहरणार्थ ६२ शॉट, १० ऑफेन्सिव्ह रिबाउंड, १८ टर्नओव्हर, १६ फ्री थ्रो, म्हणजे झाले साधारण ७७ पोझेशन. समजा टीमने ५८ पॉइंट केले. ७७ पैकी १८ टर्नओव्हर, म्हणजे जवळजवळ चारातलं एक पोझेशन शॉट न मारताच दुसऱ्या टीमला देऊन टाकलं. हेच टर्नओव्हर १८ चे १२ झाले तर शूटिंग काडीचंही न सुधारता ५-६ पॉइंट वाढतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी मॅच तेवढ्यावरच हरल्या जातात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीचे कोच डीन स्मिथ अशीच प्रत्येक पोझेशनमागे किती पॉइंट आले ही मोजणी कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून वापरायचे, आणि ते १९९७ ला निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ८७९ विजय होते.

त्याच नॉर्थ कॅरोलायनाचं अलीकडचं उदाहरण प्रत्येक कोचने लक्षात ठेवावं असं आहे. २०२२ ला अमेरिकन कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत (एनसीएए टूर्नामेंट) आठवं सीडिंग, म्हणजे आपल्या गटात आठवा मानांकन क्रम, असलेली ही टीम थेट फायनलला गेली, कॅन्ससकडून ७२-६९ ने हरली. पुढच्या सीझनला स्टार्टिंग पाचमधले चार परत, सीझन सुरू व्हायच्या आधी देशात पहिला नंबर, आणि मार्चमध्ये ६८ टीमच्या एनसीएए टूर्नामेंटला जागाच मिळाली नाही. २० विजय, १३ हार. खेळाडू बहुतेक तेच होते, कोचही तोच होता. तेव्हा आपल्याकडे प्लेअर भारी आहेत म्हणजे सातत्य आपोआप येईल ही समजूत आधी डोक्यातून काढा.

आता कोचच्या वाट्याचं. माझ्या मते कॉलेज टीममधला सगळ्यात मोठा प्रॉब्लेम हा की पोरांना आपलं काम नक्की काय ते माहीतच नसतं. कोचला वाटतं सांगितलंय. तपासायचं कसं, तर एकेकाला बाजूला घ्या आणि विचारा, तुझं टीममधलं काम तीन वाक्यात सांग. तो जे सांगेल आणि तुम्ही मनात जे धरलंय त्यात किती फरक आहे ते बघा. सहावा सातवा प्लेअर हमखास म्हणतो की सर संधी मिळाली की स्कोअर करायचा, कारण त्याला वाटतं स्कोअर केला तरच सर आत ठेवतील. त्याला सरळ सांगा की बाबा तू चार मिनिटं आत जा, त्यांच्या पॉइंट गार्डला (बॉल घेऊन येणाऱ्याला) फुल कोर्ट पकड, बॉल आला तर एक पास जास्त कर, एवढं केलंस तर तुझं काम झालं. ज्याला हे स्पष्ट कळतं तो पोरगा दर मॅचला तसाच खेळतो.

आपल्याकडे यात अजून एक गुंता आहे, युनिव्हर्सिटी सिलेक्शनचा. इंटर झोनलला सिलेक्टर बसलेले असतात, पश्चिम विभागातल्या युनिव्हर्सिट्यांच्या वेस्ट झोनला जायचंय, पुढे अश्वमेधच्या (राज्यातल्या युनिव्हर्सिट्यांची स्पर्धा) टीममध्ये नाव यावं असं प्रत्येकाला वाटतं, आणि मग झोनलपर्यंत छान पासिंग करणारी टीम अचानक पाच एकटे खेळणारे होऊन जाते. यावर रागावू नका, पोराचं भविष्य आहे ते, स्पोर्ट्स कोट्यात रेल्वेत, पोलिसात नोकरी लागू शकते म्हणून काहीजण खेळतात आणि त्यात वाईट काहीच नाही. उलट हा विषय टीमसमोर उघड काढा. मला दिसलंय ते असं की पुढे जाणाऱ्या टीममधले प्लेअर सिलेक्टरला जास्त मॅच दिसतात, पहिल्या राऊंडला ३० पॉइंट मारून घरी गेलेला फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि प्लेइंग टाइम कशावर मिळणार हे सीझनच्या आधी सांगा आणि मग त्यातून स्वतः हलू नका. यात माझा एकच नियम आहे आणि तो मी कोणालाही सांगेन: ठरलेल्या कामात बसणारा शॉट चुकला म्हणून कोणाला बाहेर काढायचं नाही, पण मागे पळाला नाही म्हणून दर वेळी काढायचं, मग तो स्टार असो की फर्स्ट इयरचा. बरेच कोच नेमकं उलटं करतात. एक लेअप हुकला की हाक, चल बाहेर. मग पोरगा शॉट मारल्यावर रिंगकडे न बघता बेंचकडे बघायला लागतो, आणि बेंचकडे बघत खेळणारा प्लेअर मोकळा खेळूच शकत नाही. तुमची टीम वरखाली होतेय असं वाटलं तर एका मॅचचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावा आणि कॅमेरा कोर्टऐवजी तुमच्याकडे ठेवा. खेळाडू कधी बदललात, कशावर ओरडलात, चौथ्या क्वार्टरला चेहरा कसा होता ते बघा. कोच प्रत्येक मॅचला वेगळा वागत असेल तर पोरांकडून सारखं वागण्याची अपेक्षा कशी ठेवायची.

प्रॅक्टिसमध्ये काय बोलायचं याबद्दल जॉन वूडन यांचं बघा. अमेरिकेतल्या यूसीएलए युनिव्हर्सिटीचे कोच, १९६४ ते १९७५ या १२ सीझनमध्ये १० राष्ट्रीय टायटल जिंकलेला माणूस. गॅलिमोर आणि थार्प या दोन संशोधकांनी १९७४-७५ ला त्यांच्या प्रॅक्टिसमध्ये बसून ते नक्की काय काय बोलतात हे टिपलं, तर जवळजवळ तीन चतुर्थांश बोलणं हे निव्वळ माहितीचं निघालं, काय कर, कसं कर. शाबासकी आणि रागावणं दोन्ही अगदी थोडं. त्यांची सुधारण्याची पद्धतपण सोपी, आधी बरोबर कसं ते करून दाखवायचं, मग तू कसं केलंस ते, मग परत बरोबर. पाच सेकंदात संपतं. अरे काय करतोयस, लक्ष कुठे आहे, यातून पोराला काहीच कळत नाही, डावा पाय पुढे घे आणि हात वर ठेव यातून कळतं. आणि हे वूडन यूसीएलएला आले १९४८ ला, पहिलं टायटल १९६४ ला, हेपण विसरू नका.

प्रॅक्टिसमध्ये दमल्यावर फ्री थ्रो मारायला लावा, ताजेतवाने असताना सगळेच टाकतात. प्रत्येक ड्रिलला स्कोअर ठेवा, आणि स्कोअर फक्त बास्केटचा नाही, डिफेन्सने समोरच्यांना २४ सेकंद शॉट मारू दिला नाही तर त्यांना दोन, बॉक्स आऊट सोडला तर वजा एक. मॅचमध्ये जे हवंय त्यालाच प्रॅक्टिसमध्ये पॉइंट मिळाले पाहिजेत. हरलो म्हणून दुसऱ्या दिवशी कोर्टच्या फेऱ्या मारायला लावणं मला अजिबात पटत नाही, त्याने पळणं ही शिक्षा होते आणि मग फास्ट ब्रेकला मनापासून कोण पळणार.

मोटिव्हेशनबद्दल बोलायचं तर मॅचच्या आधीचं भाषण पहिल्या क्वार्टरमधल्या पहिल्या टाइमआऊटपर्यंतपण टिकत नाही. टिकतं ते हे, की पोराला थोडं स्वतः ठरवता येतंय, आपण सुधारतोय हे दिसतंय, आणि टीममध्ये आपल्याला कोणीतरी मोजतं. डीन स्मिथ यांच्या टीममध्ये दमलेला प्लेअर मूठ वर करायचा आणि सर त्याला बाहेर घ्यायचे, दम भरला की परत आत कधी जायचं ते तोच सांगायचा. पण दमूनही मूठ वर केली नाही आणि ढिला खेळताना दिसला तर परत कधी पाठवायचं ते सर ठरवायचे. किती साधी गोष्ट आहे आणि जबाबदारी कशी अलगद पोराच्या हातात जाते बघा. त्यांचा अजून एक नियम, बास्केट केल्यावर ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचं. हे उद्यापासून सुरू करा, एक रुपया लागत नाही.

प्रत्येकाला एकदा तरी विचारा की तू का खेळतोस. कोणी मार्कांसाठी, कोणी हॉस्टेलमध्ये करमत नाही म्हणून, कोणाची ताई खेळायची म्हणून. मुलींच्या टीममध्ये तर संध्याकाळी साडेसातच्या आत घरी पोचायचं बंधन असतं, बस असते, आणि कोच म्हणतो हिला खेळात रसच नाही. तिच्या घरी एक फोन केला, प्रॅक्टिस अर्धा तास आधी घेतली, तर जिला रस नव्हता तीच सगळ्यात आधी कोर्टवर दिसते.

मॅचच्या दिवशी सगळं तेच ठेवा, तोच वॉर्मअप, तोच क्रम, समोर कोणीही असो. टाइमआऊट पहिल्या हाफला २ आणि दुसऱ्या हाफला ३ मिळतात, एक मिनिटाचा प्रत्येकी, त्यात एकच गोष्ट सांगा. पाच सांगितल्या तर एकही राहत नाही. आणि हरल्यावर लगेच पंचनामा नको. पाणी, जेवण, घरी. दुसऱ्या दिवशी वही उघडा आणि शांतपणे आकडे वाचा. अमेरिकेतली व्हर्जिनिया युनिव्हर्सिटी २०१८ ला एनसीएएमध्ये देशात टॉप सीड असताना सोळाव्या सीडच्या यूएमबीसी या छोट्या युनिव्हर्सिटीकडून ७४-५४ हरली, पुरुषांच्या टूर्नामेंटमध्ये असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. कोच टोनी बेनेट यांनी आपली डिफेन्सची पद्धत फेकून दिली नाही, आणि पुढच्याच वर्षी टेक्सास टेकला ओव्हरटाइममध्ये ८५-७७ हरवून ती टीम चॅम्पियन झाली. एनसी स्टेट (नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी) २०२४ ला रेग्युलर सीझनच्या शेवटच्या चार मॅच ओळीने हरली, मग पाच दिवसात पाच मॅच जिंकून आपल्या विभागाची एसीसी टूर्नामेंट घेतली आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनल फोरपर्यंत (शेवटच्या चार टीम) गेली. त्या चार हारांवरून कोणी ही टीम संपली म्हणाला असता तर सरळ तोंडावर पडला असता.

मात्र आपली इंटर कॉलेज बहुतेक ठिकाणी नॉकआऊट असते, एक वाईट दिवस आणि सीझन खल्लास, हे अमेरिकेतल्या ३० मॅचच्या सीझनसारखं नाही. म्हणून स्पर्धेच्या आधी जमतील तेवढ्या प्रॅक्टिस मॅच घ्या, क्लबच्या टीमशी, सिनियर्सशी, कोणाशीही, आणि त्यातले निदान दोन दिवस मुद्दाम वाईट परिस्थिती ठेवा: दुपारचं ऊन, सिमेंटचं कोर्ट, मुख्य पॉइंट गार्ड बेंचवर, स्कोअर आधीच ८ ने मागे. आणि शॉट पडत नसतील त्या दिवसासाठी एक ठरलेला बेत हवाच, दोनच सेट प्ले, बॉल आत पोस्टला (रिंगजवळ), फ्री थ्रो काढायचे, पाचही जण रिबाउंडला न जाता दोघं मागे. हा बेत पोरांना पाठ असला पाहिजे, टाइमआऊटमध्ये तो शिकवत बसायला वेळ नसतो.

इंटर्नल आणि प्रॅक्टिकलचा पंधरवडा आला की रोजची प्रॅक्टिस चालू ठेवायचा हट्ट करू नका, ४५ मिनिटांवर आणा, आठवड्यातून तीन दिवस, त्यात फक्त शूटिंग आणि डिफेन्सच्या स्लाइड्स (बाजूला सरकण्याचा सराव), आणि ज्याचा पेपर उद्या आहे त्याला सुट्टी. त्या दिवसांत वहीत हजेरी लिहू नका. पेपर संपल्यावर पहिल्या दिवशी पूर्ण दोन तास, आणि तेव्हापासून हजेरी परत सुरू.