शाळेसाठी शैक्षणिक साहित्य घेताना या चुका टाळा

३० पर्यंत पट (विद्यार्थिसंख्या) असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेतून संयुक्त अनुदान मिळते वर्षाला १०,००० रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेला. वीजबिल, डागडुजी भागवून साहित्याला उरते ते फार थोडे. तेही मार्च एंडच्या घाईत विक्रेत्याच्या तयार संचावर घालवलेले पाहिले की जीव तळमळतो.

सर्वात मोठी चूक वर्णमालेच्या तक्त्यांची. एका द्विशिक्षकी शाळेत पहिलीच्या भिंतीवर हिंदीवरून उतरवलेला तक्ता होता. चित्रे तीच ठेवून खालचे शब्द तेवढे मराठी केलेले. 'अ'च्या चौकटीत डाळिंब, 'ख'च्या चौकटीत ससा. हिंदीत ते अनार आणि खरगोश, म्हणून तिथे जमते. इथे एक मुलगी तक्त्यावर पट्टी ठेवून मोठ्याने म्हणत होती, "ख ससा". फळ्यावर नुसता 'ख' काढून विचारले, तर ती म्हणाली 'स'. बाई रोज दुरुस्त करत होत्या आणि तक्ता रोज पुन्हा चुकीचे शिकवत होता. शिवाय त्यावर 'ळ' नव्हताच. शाळा, फळा, बाळ हे शब्द त्या मुलांनी कशावरून वाचायचे?

म्हणून तक्ता हातात आला की मी आधी 'ळ' शोधतो, मग ॲ आणि ऑ. 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा हवा, हिंदी वळणाचा नको. २०२२ च्या शासन निर्णयात तसेच ठरवून दिले आहे. शेवटी अक्षर झाकून दुसरीतल्या एखाद्या मुलाला चित्र दाखवतो. त्याच्या तोंडून नेमक्या त्याच अक्षराचा शब्द निघाला, तरच पैसे द्यायचे.

गोष्टीची पुस्तके न उघडता गठ्ठ्याने घेऊ नका. स्टोरीवीव्हर या प्रथम बुक्सच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तके चार पातळ्यांत मोफत आहेत. दोन-चार छापून वर्गात वाचून बघा, मग खरेदीचे ठरवा.

शंभर मण्यांच्या माळेत दर दहा मण्यांना रंग बदलायलाच हवा. ४७ म्हणजे चार दहा आणि सात हे डोळ्यांना दिसले पाहिजे. एकरंगी माळेवर मूल एकेक मणी मोजत बसते.

पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या भरवशावर राहू नका, वर्गात ऐनवेळी नेट मिळेलच असे नाही. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ आधीच उतरवून ठेवा.

नवे शिक्षक विचारतात, "सर, कुठला संच घेऊ तेवढं सांगा." मी नाव सांगत नाही. वर्गात जोडाक्षराला किती मुले अडतात, हातच्याच्या वजाबाकीला किती, हे आधी लिहून आणायला सांगतो. एवढाही धीर नसेल, तर खरेदी पुढे ढकललेली बरी.

आणि ऑडिटच्या भीतीने गणिताची पेटी कपाटात कुलूपबंद ठेवणे थांबवा. मुलांच्या हातात वस्तू मोडणारच. मोडलेल्याची साठा नोंदवहीत नोंद करा, मुख्याध्यापकांची सही घ्या आणि निर्लेखनाचा (वस्तू नोंदीतून कमी करण्याचा) विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्याच बैठकीत ठेवा.