पाणी फेकू नका: बंद पडलेला पोहण्याचा तलाव पुन्हा सुरू करताना

घर ताब्यात आलं तेव्हा मागच्या बाजूला साडेचार मीटर व्यासाचा, पत्र्याच्या गोल भिंतीचा पोहण्याचा तलाव उभा होता. खणलेला नव्हे, जमिनीवर बसवलेला. दोन वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता. झाकायची ताडपत्री एका अंगाने आत कोसळली होती, आणि पाणी इतकं काळपट हिरवं की कोपरापर्यंत हात बुडवला तर बोटं दिसत नव्हती. बघायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, भंगारात काढा. पण आईला गुडघ्यांसाठी पाण्यात चालायचा व्यायाम सांगितला होता, आणि हा तलाव तिच्या खोलीपासून वीस पावलांवर होता. मी तो सुरू करायचं ठरवलं. सोळा दिवस लागले. तुमच्याकडेही असा तलाव पडून असेल तर हे वाचून मगच कामाला लागा.

सगळ्यांत आधी शिडी बाहेर काढून ठेवा. हिरव्या पाण्याचा तळ दिसत नाही. त्यात कोणी पडलं तर वरून कळणारही नाही. घरात लहान मूल असेल तर तलाव स्वच्छ होईपर्यंत त्या बाजूचं दार बंदच राहू द्या.

दुसरी गोष्ट मी ठासून सांगते: पाणी घाण दिसतंय म्हणून तलाव रिकामा करू नका. आतलं प्लास्टिकचं अस्तर पाण्याच्या वजनाने भिंतीला आणि तळाला चिकटून बसलेलं असतं. जुनं अस्तर कोरडं पडून उन्हात तापलं की आकसतं, कडक होतं. मग पुन्हा पाणी भरताना ते कोपऱ्यात पोहोचत नाही आणि शिवणीवर फाटतं. पत्र्याची भिंतही आतून पाण्याचा रेटा नसेल तर जोरदार वाऱ्यात दबू शकते. शेवाळ मारायला पाणी बदलावं लागत नाही, त्याला क्लोरीन लागतं. काही वेळा थोडं पाणी बदलावं लागतं, त्याचं कारण वेगळं आहे आणि ते पुढे येईल.

पाण्याकडे वळण्याआधी सांगाडा तपासा. माझ्या तलावात पाण्याची खोली १.१ मीटर. त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले खोली, म्हणजे साधारण साडेसतरा घनमीटर, १७,५०० लिटर. वजनात साडेसतरा टन. एवढ्या पाण्याचा बाजूचा रेटा ती पातळ भिंत पेलते, त्यामुळे गंजाला हलक्यात घेऊ नका. स्किमरच्या, म्हणजे वरचं पाणी आणि कचरा पंपाकडे ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडाच्या खाली, गाळलेलं पाणी परत येतं त्या तोंडाभोवती आणि भिंत ज्या खालच्या पट्टीत बसते तिथे गंज आधी धरतो, कारण तिथलं जुनं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली रबरी चकती, झिरपत असतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहा. वरचे पोपडे निघून खाली टणक धातू लागला तर खरवडून गंजरोधक रंगाचे दोन हात द्या. टोक आरपार गेलं तर मात्र तिथेच थांबा. तशी भिंत भरल्या पाण्यानिशी फुटू शकते, तिच्यावर मेहनत घालू नका. माझ्याकडे स्किमरखाली तळहाताएवढा गंज होता, पण आत पत्रा शाबूत होता.

ताडपत्रीवर साचलेलं पाणी आधी वेगळं उपसा, नाहीतर तो सगळा काला तलावात उतरतो. मग पानं. लांब दांड्याच्या खोल जाळीने तळापासून सावकाश ओढत काढायची. व्हॅक्यूमचं काम इथे नाही, पानं पाइपात अडकतात. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मी तेवढंच केलं. पहिल्या दिवशी जाळीत बेडूकमासे आले. ते सगळे बादलीतून बागेतल्या कुंडात नेऊन सोडले. तुम्हीही क्लोरीन टाकण्याआधी जीव बाहेर काढा, नंतर त्यांना वाचवता येत नाही. पानं काढायचा कंटाळा करू नका. तळाला राहिलेलं प्रत्येक पान पुढे क्लोरीन खात बसतं.

पंप उघडायची मला भीती वाटली नाही, कारण वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं काम होतं आणि मी त्यांच्या शेजारी बसून मोठी झाले. तरी वीज मेन स्विचपासून बंद केल्याशिवाय हात लावला नाही. असे तलाव पंपापेक्षा उंच असतात, त्यामुळे झडपा बंद न करता गाळणीचं झाकण उघडलंत तर पाणी अंगावर येईल. दोन वर्षं बंद राहिलेल्या मोटारीचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, बहुधा जाम झालेला असतो. मागचं पंख्याचं झाकण काढून तो हाताने फिरवा. माझा आधी हलेचना, मग चिमूटभर सरकला, मग मोकळा झाला. असा हाताने सोडवल्याशिवाय वीज दिली तर मोटार नुसती गुणगुणत राहते आणि जळते. शाफ्ट मोकळा असूनही गुणगुणत असेल तर कपॅसिटर, म्हणजे मोटार सुरू व्हायला जोर देणारा भाग, गेला असण्याची शक्यता जास्त. कपॅसिटर वीज बंद असतानाही झटका देतो, तो बदलायचं काम जाणत्याकडेच द्या. गाळणीच्या झाकणाची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडं, काढून पुसा, चीर दिसली तर नवी घाला. तिला सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियम जेली नको, तिने रबर फुगतं. पंप चालू झाल्यावर तलावात परत येणाऱ्या पाण्यातून सतत बुडबुडे येत असतील तर पंपाच्या अलीकडे कुठेतरी हवा ओढली जातेय. दहातल्या नऊ वेळा ती याच झाकणातून ओढली जाते.

पंपाची जोडणी ३० मिलिअँपिअरच्या गळती संरक्षक स्विचवरच हवी, अर्थिंग तपासलेलं हवं, आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. हे काम मी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं.

फिल्टर वाळूचा असेल तर वरचं झाकण उघडून वाळू चाचपून पाहा. गोळे झाले असतील किंवा तेलकट थर असेल तर बदला. नवी वाळू ओतण्याआधी टाकी अर्धी पाण्याने भरा, म्हणजे तळातल्या बारीक फाटे असलेल्या नळ्यांवर वाळू आदळत नाही. त्यातली एक नळी तुटली तर वाळू तलावात येऊ लागते आणि टाकी पुन्हा रिकामी करावी लागते. वरच्या झडपेचा दांडा मात्र नेहमी पंप बंद करूनच फिरवा.

आता पाणी. इथे अंदाज चालत नाही. रंग जुळवायच्या पट्ट्यांऐवजी थेंब मोजायचा संच घ्या. सगळ्यांत आधी सायन्युरिक आम्ल मोजा. हे क्लोरीनला उन्हापासून जपतं, म्हणून ३० ते ५० पीपीएम, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम, असायला हवं. पण ते फार झालं की क्लोरीनला धरून ठेवतं आणि क्लोरीन कामच करत नाही. क्लोरीनच्या पांढऱ्या वड्या वर्षानुवर्षं टाकत राहिलं की ते साचत जातं, आणि ना उडून जातं, ना गाळण्यात अडकतं. पाणी बदलणं हाच त्याला उपाय. चाचणी साधी आहे: नमुन्यात औषध मिसळलं की तो दुधाळ होतो, मग तळाला काळा ठिपका असलेल्या नळीत तो हळूहळू ओतायचा आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून आकडा वाचायचा. हिरव्या पाण्याचा नमुना आधी रात्रभर बरणीत निवळू द्या. माझा आकडा ८० आला. म्हणून अर्धं पाणी काढून अर्धं ताजं भरलं, आणि तो ४० वर आला. अर्धंच काढलं, तलाव रिकामा केला नाही. पाणी खाली गेलं होतं तेव्हाच स्किमरचं आणि परतीच्या तोंडाचं गॅस्केटही बदलून घेतलं.

मग पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा. तो ७.२ च्या आसपास आणा, कारण पीएच चढला की क्लोरीनची मारक ताकद उतरते. पीएच ७.५ ला क्लोरीनचा निम्मा भाग जोमदार रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. हे क्लोरीनच्या आधीच करायचं. पाण्यात भरपूर क्लोरीन असताना पीएचची चाचणी खोटी उंच दिसते.

क्लोरीन किती टाकायचं? सायन्युरिक आम्लाच्या साधारण ४० टक्के. माझ्या ४० ला १६ पीपीएम. १७,५०० लिटरमध्ये १ पीपीएम वाढवायला १७.५ ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्क्यांचं द्रव क्लोरीन १७५ मिलिलिटर. १६ पीपीएमसाठी २.८ लिटर. तुमच्या तलावाचे लिटर घालून हाच हिशेब करा. द्रव क्लोरीन ताजं घ्या, उन्हात ठेवलेल्या कॅनची ताकद गेलेली असते.

इथे एक इशारा. क्लोरीन आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू सुटतो. दोन प्रकारची क्लोरीनं, उदाहरणार्थ वड्या आणि भुकटी, एका डब्यात किंवा एकाच मापाने हाताळू नका, पेट घेऊ शकतात. रसायन पाण्यात टाकायचं, रसायनावर पाणी कधीच ओतायचं नाही. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

संध्याकाळी पंप चालू ठेवून, परतीच्या तोंडासमोर बारीक धारेने मी २.८ लिटर ओतलं. तासाभराने क्लोरीन मोजायला १० मिलिलिटर नमुना घेऊन संचातली भुकटी टाकली. ती पडली की पाणी गडद गुलाबी व्हायला हवं आणि मग संचातल्या औषधाचे थेंब मोजत ते बेरंग होईपर्यंत जायचं, एक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम. माझ्या नळीत गुलाबी छटासुद्धा उमटली नाही. १६ पैकी एकही पीपीएम तासाभरात उरलं नव्हतं. बहुतेक लोक याच क्षणी हार मानतात, किंवा एकदा ओतून आठवडाभर वाट बघतात, आणि तेवढ्यात शेवाळ पुन्हा उभं राहतं. शेवाळ क्लोरीन खात असतं, म्हणून ते खाईल तेवढं देत राहायचं. मी पुन्हा तेवढंच ओतलं. रात्री झोपण्याआधी सहा थेंब लागले, ३ पीपीएम. ती गुलाबी छटा पाहून मला जो आनंद झाला तो आजही आठवतो. दुसऱ्या दिवशी तीनदा मोजून तीनदा १६ वर नेलं. तिसऱ्या सकाळी हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी झालं होतं. राखाडी म्हणजे शेवाळ मेलं.

इथून पुढचं काम फिल्टरचं. पंप दिवसरात्र चालू ठेवा. भिंत आणि तळ रोज ब्रशने घासा, बाहेर काढलेल्या शिडीच्या खाचा आणि स्किमरचं तोंडही, कारण शेवाळ आडोशाला तग धरतं. स्वच्छ फिल्टरचा दाब लिहून ठेवा. माझा ०.६ बार होता. त्यापेक्षा साधारण ०.५ बारने वाढला की उलटी धुलाई करायची, म्हणजे फिल्टरमधून पाणी उलट्या दिशेने सोडून घाण बाहेर काढायची: फिल्टरच्या काचेतून पाणी नितळ दिसेपर्यंत, मग अर्धा मिनिट खळखळून, मग पुन्हा गाळण्यावर. पहिल्या दिवसांत दिवसाला दोनदा करावी लागली. ते क्लोरीनचं पाणी झाडांना किंवा ओढ्यात सोडू नका.

पाणी भरल्यावर कमी होत असेल तर गळती की बाष्पीभवन हे बादलीने कळतं. शिडी तेवढ्यापुरती लावून बादली तिच्या पायरीवर ठेवा, आत-बाहेर पाणी एका पातळीला आणा, पंप बंद ठेवा आणि २४ तासांनी पाहा. दोन्ही सारखीच उतरली तर ऊन पितंय. तलाव जास्त उतरला तर अस्तर तपासा, आणि गोल कापलेलं ठिगळ पाण्याखालीच चिकटवा. चौकोनी ठिगळाचे कोपरे सुटतात.

क्लोरीन चढवणं कधी थांबवायचं हेही मोजूनच ठरवा. सूर्यास्तानंतर मोजा, सकाळी ऊन पडण्याआधी पुन्हा मोजा. रात्रीत १ पीपीएमपेक्षा जास्त घटलं नसेल आणि पाणी नितळ असेल, तर काम झालं. माझ्याकडे अकराव्या रात्री बत्तीस थेंब होते आणि सकाळी सव्वीस, म्हणजे ३ पीपीएम गेले होते. पाणी दिसायला निळं होतं, तरी थांबले नाही. स्किमरच्या पोटात हात घातला तर वरच्या कडेला बुळबुळीत थर लागला. तो घासून काढला आणि चौदाव्या सकाळी एकतीस थेंब आले.

त्यानंतर क्लोरीन आपोआप उतरू दिलं. आता ते ३ ते ५ च्या मध्ये, पीएच ७.४ ते ७.६ ला ठेवते आणि रोज सकाळी मोजते. सोळाव्या दिवशी तळाला एक नाणं टाकलं. काठावरून छापा की काटा ते स्पष्ट वाचता आलं, तेव्हा शिडी परत लावली आणि आईला हाक मारली.